तोंड वाकडं, कान बंद आणि संशय उपदंशाचा: एमआरआय कसा मागायचा, कसा वाचायचा

हे लिहिते आहे ते माझ्या रेडिओलॉजीच्या रेसिडेंटांसाठी, आणि तालुक्याच्या गावी ओपीडी चालवणाऱ्या त्या डॉक्टरांसाठी, ज्यांच्या हातून एमआरआयची चिठ्ठी निघते. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात न्यूरोरेडिओलॉजी शिकवते. उपदंश (सिफिलिस) मेंदूतून निघणाऱ्या नसांना धरतो, हे सगळ्यांनीच एमबीबीएसला वाचलेलं असतं. पण तोंड वाकडं झालेला माणूस समोर बसला की ते आठवत नाही, आणि आठवलं तरी नातेवाइकांसमोर तो शब्द काढायचा धीर होत नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. "हा उपदंशच" असं ठणकावून सांगणारी एकही खूण एमआरआयवर नसते. कोणती नस कुठल्या टप्प्यावर सुजली आहे, मेंदूचं आवरण सोबत सुजलंय का, रक्तवाहिन्या आकसल्यात का, गाठ, क्षय किंवा बुरशी असं दुसरं काही दडलंय का, एवढं एमआरआय दाखवतो. निदान ठरतं रक्तावर आणि पाठीतल्या पाण्यावर, म्हणजे मेंदूभोवतीचं जे पाणी पाठीच्या कण्यातून सुईने काढतात त्यावर. तरीही माझं ठाम मत आहे की या निदानाची सुरुवात पुष्कळदा आमच्या अंधाऱ्या खोलीतून होते, कारण तोपर्यंत व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्ततपासणी करायचं कुणाला सुचलेलंच नसतं. आम्ही रिपोर्टात तो शब्द लिहिला की ती तपासणी होते. नाही लिहिला तर पेशंट एका ओपीडीतून दुसरीकडे फिरत राहतो.

संशय कुणाचा घ्यायचा

न्यूरोसिफिलिस (मेंदू-मज्जेला धरलेला उपदंश) म्हणजे वीस वर्षांनी येणारं वेड किंवा लटपटणारी चाल, असं डोक्यात बसलेलं असतं. ते उशिराचे प्रकार झाले. जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात संसर्गानंतर लवकरच पोहोचू शकतात, आणि नसांचा त्रास तर बऱ्याचदा पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच दिसतो. तळाशी असलेलं आवरण सुजतं आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या नसा त्या सुजेत सापडतात. आठवी (ऐकण्याची), सातवी (चेहऱ्याची) आणि दुसरी (नजरेची) या नसा जास्त धरल्या जातात, मग तिसरी आणि सहावी (डोळा फिरवणाऱ्या).

त्यामुळे चेहरा एका बाजूने गेला आणि त्याच कानाने ऐकू येईनासं झालं, तर ती बेल्स पाल्सी (कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा) म्हणून सोडून देऊ नका. चेहरा दोन्ही बाजूंनी गेला असेल तर मुळीच नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाचा कान अचानक बसणं, मग थोडा सुधारणं, मग दुसरा बसणं. नजर फारशी कमी न होता डोळ्याच्या पडद्यावर सूज दिसणं. कित्येक दिवस डोकं दुखून मग पापणी पडणं किंवा एकाचे दोन दिसणं. आणि एचआयव्ही असलेल्या माणसात यातलं काहीही. ही सगळी संशयाची कारणं आहेत.

विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवा. जुनी माणसं या रोगाला गरमी म्हणतात. तो शब्द वापरायला लाजू नका, कारण "सिफिलिस झाला होता का" याला नाही म्हणणारा माणूस "गरमीचे चट्टे आले होते का" याला हो म्हणतो. तळहात-तळपाय बघा. गेल्या काही महिन्यांत अंगावर न खाजणारं पुरळ उठून आपोआप गेलं का, हे विचारा.

आणि टॉर्च घ्या. एडिंबरोच्या डग्लस अर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये नोंदवलेली बाहुली अजूनही टॉर्चनेच सापडते: लहान, कडा वेड्यावाकड्या, उजेडाला दाद न देणारी, पण बोट नाकाजवळ आणलं की आकसणारी. हे मी रेडिओलॉजिस्ट असून सांगते आहे. कुठलंही मशीन तुमच्यासाठी ही तपासणी करून देणार नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचं

"एमआरआय ब्रेन प्लेन. फेशिअल पाल्सी." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्या अशा असतात. यावर जो स्कॅन होतो त्यात पाच मिलिमीटर जाडीचे काप असतात, आणि कानाच्या नळीतली, म्हणजे आतल्या कानाकडे जाणाऱ्या हाडातल्या वाटेतली, नस दोन कापांच्या मधून निसटून जाते. रिपोर्ट "नॉर्मल" येतो आणि तो कागद पेशंट फायलीत जपून ठेवतो. पुढचा डॉक्टर तो पाहून निर्धास्त होतो. असा नॉर्मल रिपोर्ट काहीच न काढण्यापेक्षा वाईट.

असं लिहा: "एमआरआय ब्रेन, कॉन्ट्रास्टसह, क्रेनिअल नर्व्ह प्रोटोकॉल. डावी सातवी आणि आठवी नस, तीन आठवडे. डोकेदुखी. बेसल मेनिंजायटिस, उपदंश, क्षय यांचा संशय." डोळ्याची तक्रार असेल तर "ऑर्बिटसह" जोडा. एचआयव्हीची माहिती असेल तर ती गोपनीयता राखून आम्हाला कळवा, वाचन बदलतं. स्टेरॉइड सुरू असेल तर कधीपासून तेही लिहा, कारण स्टेरॉइडने नसेची चमक फिकी पडू शकते.

क्रिएटिनिन सोबत पाठवा. गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, देण्याआधी किडनीचा अंदाज लागतो. बाई गरोदर असेल तर गॅडोलिनियम टाळतो, पण म्हणून स्कॅन टाळू नका. कॉन्ट्रास्टशिवायही पातळ कापांवर बरंच कळतं. आणि गरोदरपणात उपदंशाची रक्ततपासणी तर कुठल्याही स्कॅनच्या आधी व्हायला हवी, तिथे बाळाचाही प्रश्न असतो.

सीटीबद्दल थोडक्यात. सीटीवर या नसा दिसत नाहीत. रक्तस्राव आहे का, मेंदूत पाणी साठलंय का, पाठीतून पाणी काढणं सुरक्षित आहे का, एवढ्यापुरता तो रात्री-अपरात्री उपयोगी. अपवाद टेम्पोरल बोनच्या बारीक सीटीचा. जुन्या उपदंशात आतल्या कानाभोवतीचं हाड जागोजाग विरळ, कुरतडल्यासारखं दिसतं, आणि ते ऑटोस्क्लेरोसिस म्हणून खपून जाऊ शकतं.

क्रमाचा एक मुद्दा मी प्रत्येक बॅचला पुन्हा पुन्हा सांगते: शक्य असेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय आधी आणि पाठीतलं पाणी नंतर. पाणी काढल्यावर मेंदूभोवतीचा दाब उतरतो आणि बाहेरचं जाड आवरण सगळीकडे चमकायला लागू शकतं. मग ती चमक सुईची की रोगाची, हे सांगताना आमची अडचण होते. पण एमआरआयची तारीख पंधरा दिवसांनी मिळणार असेल आणि पाणी काढायला धोका नसेल, तर वाट पाहू नका. पाणी काढून घ्या आणि तारीख चिठ्ठीवर लिहा.

मशीनवर

टेक्निशियनला फक्त "कॉन्ट्रास्ट घे" म्हणून उठू नका. दीड टेस्लाच्या मशीनवरही हे सगळं नीट होतं. आधी पूर्ण मेंदूचे नेहमीचे सिक्वेन्स (चित्र घेण्याच्या वेगवेगळ्या पद्धती): टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन आणि रक्ताच्या खुणा दाखवणारा एक. मग रक्तवाहिन्यांसाठी टाइम ऑफ फ्लाइट अँजिओग्राफी. मग मेंदूच्या देठापासून कानाच्या नळीच्या टोकापर्यंत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा थ्रीडी टी-टू. एका कंपनीच्या मशीनवर तो सिस, दुसरीवर फिएस्टा म्हणून असतो. यात पाणी पांढरंशुभ्र आणि नसा त्यात सोडलेल्या काळ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. हाच सिक्वेन्स वेळ वाचवायला गाळला जातो, आणि नेमका तोच गाळायचा नाही.

कॉन्ट्रास्टनंतर पातळ कापांचा थ्रीडी टी-वन घ्या आणि तो तिन्ही दिशांनी फिरवून बघा. डोळ्याच्या नसेसाठी चरबी दाबलेला टी-वन, आडवा आणि कोरोनल दोन्ही. चरबी दाबली नाही तर खोबणीतली पांढरी चरबी नसेची चमक गिळून टाकते. शेवटी कॉन्ट्रास्टनंतरचा फ्लेअर. आवरणाची बारीक सूज त्यावर पुष्कळदा टी-वनपेक्षा स्पष्ट दिसते, आणि तोपर्यंत थोडा वेळ गेलेला असल्याने कॉन्ट्रास्टही मुरलेलं असतं.

रक्तवाहिनीच्या भिंतीचा खास सिक्वेन्स तुमच्या मशीनवर असेल, तर लकव्याच्या तरुण पेशंटमध्ये जरूर घ्या. उपदंशात भिंत बहुधा सगळ्या बाजूंनी सारखी जाड होऊन चमकते.

नसा वाचताना

देठापासून बाहेर जा, एकेक नस घेऊन, दोन्ही बाजू ताडून. मेंदूतून बाहेर पडून पाण्यातून जाणारा नसेचा तुकडा निरोगी माणसात कॉन्ट्रास्टने चमकत नाही. तो चमकला तर ते खरं धरा आणि कारण शोधा.

सातव्या नसेत नवी मंडळी हमखास अडखळतात. तिची कानाच्या हाडातली वळणावरची नैसर्गिक गाठ (जेनिक्युलेट गँग्लियन) आणि पुढचे दोन टप्पे निरोगी माणसातही थोडे चमकतात, कारण त्यांच्याभोवती शिरांचं जाळं असतं. तेवढ्यावरून रोग लिहू नका. कानाच्या नळीतला भाग मात्र चमकायला नको. तिथे सातवी आणि आठवी दोन्ही चमकत असतील, तर साध्या बेल्स पाल्सीने आठवीचा हिशोब लागत नाही.

आमच्याकडे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले होते. डावा कान आधी गेला होता आणि तो मशीनच्या आवाजाने गेला असं त्यांना सांगितलं गेलं. महिन्याभरात चेहरा वाकडा झाला, मग स्टेरॉइड सुरू झालं. आधीचा प्लेन स्कॅन नॉर्मल होता. पातळ कापांवर डाव्या नळीतल्या दोन्ही नसा जाड दिसल्या, कॉन्ट्रास्टने लखलखल्या, आणि उजवीकडची आठवी, जिची त्यांना अजून तक्रारच नव्हती, तीही नळीच्या तळाशी किंचित चमकत होती. आवरणावर पॉन्सच्या पुढे एक पुसट रेघ. गाठ कुठेही नाही. दोन्ही बाजू धरल्या गेल्यात हे दिसल्यावर मी फोन उचलला आणि वॉर्डातल्या रेसिडेंटला रक्ताचं सांगितलं. व्हीडीआरएल मोठ्या टायटरला (रक्त बरंच पातळ करूनही) पॉझिटिव्ह, टीपीएचए (उपदंशाच्या जंतूंसाठीची खास रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या. त्यांची बायको दारात उभी होती. तिच्याशी बोलायचं काम कुणी करायचं यावर आमचा बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

डोळ्याच्या नसेत बघा की चमक नसेच्या आत आहे की भोवतीच्या वेष्टनात. कोरोनल कापावर मध्ये काळा ठिपका आणि भोवती चमकणारं कडं दिसलं तर ती वेष्टनाची सूज. उपदंशात ती दिसते, पण मॉग अँटीबॉडीच्या रोगातही (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नसेवर केलेला हल्ला) दिसते, सारकॉइड या दाहाच्या रोगातही. तिसरी नस दोन धमन्यांच्या फटीतून जाते, तेव्हा बाहुली मोठी झालेली असेल तर आधी अँजिओग्राफीवर धमनीला फुगा (ॲन्युरिझम) आहे का ते बघा. तो वगळल्याशिवाय कुठल्याही संसर्गाच्या मागे लागू नका.

नसांवर थांबू नका. मेंदूच्या देठात, बेसल गँगलियात ताजे छोटे झटके (रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा, फिट नव्हे) आहेत का, ते डिफ्यूजनवर शोधा. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला फ्लेअरवर पांढुरकं दिसलं तर हर्पीसची शंका येते आणि यायलाच हवी, पण उपदंशही तसंच चित्र काढतो. आणि गमा, उपदंशाचीच गाठ: आवरणाला चिकटलेली, चमकणारी, भोवती सूज असलेली गाठ. मेनिंजिओमा (आवरणाचा ट्यूमर) म्हणून ती ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाऊ शकते. कानाच्या नळीत असली तर श्वानोमा (नसेचा ट्यूमर) वाटते.

वेषांतर करणारे

आपल्याकडे तळाचं आवरण सुजलं की पहिलं नाव क्षयाचं, आणि तो क्रम बरोबरच आहे. क्षयात तळाशी दाट, जाड थर, पाणी साठून फुगलेली व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या पोकळ्या), सोबत ट्युबरक्युलोमा (क्षयाची गाठ) असं एकत्र दिसायची शक्यता जास्त. उपदंशात थर बहुधा पातळ. पण चित्रावरून दोघांना वेगळं करण्याची खात्री मी देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. क्षयाची औषधं सुरू करायच्या दिवशीच व्हीडीआरएल आणि टीपीएचए पाठवलं, तर काही बिघडत नाही.

एचआयव्हीत क्रिप्टोकॉकस आणि लिम्फोमा डोक्यात ठेवा. कर्करोग झालेल्या माणसात आवरणावर पसरलेल्या पेशीही नसा अशाच चमकवतात. डोळ्याच्या खोबणीच्या टोकाशी अनेक नसा एकदम गेल्या असतील आणि मधुमेह असेल, तर सायनस नीट बघा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरने आपल्याला हे फार किंमत घेऊन शिकवलं. आणि कुष्ठरोग: तो चेहऱ्याच्या नसेला गालावर, हाडाबाहेर धरतो. डोळा मिटत नाही पण ओठ बरे आहेत, डोक्याच्या आतला सगळा स्कॅन स्वच्छ आहे, असं असेल तर चेहऱ्यावरचा चट्टा शोधा आणि त्यावर कापसाने स्पर्श करून बघा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांना हे मी सांगायची गरज नाही.

रिपोर्टात

"पोस्ट-कॉन्ट्रास्ट एन्हान्समेंट नोटेड. क्लिनिकल कोरिलेशन." हे वाक्य लिहून आपण सुटतो, पेशंट सुटत नाही. कोणती नस, कोणता टप्पा, एक बाजू की दोन्ही, आवरण, रक्तवाहिन्या, झटके, गाठ हे सरळ लिहा. मग निष्कर्षात: "तळाच्या आवरणाचा दाह, अनेक नसा बाधित. क्षय, उपदंश, सारकॉइड यांचा विचार व्हावा. रक्तातील व्हीडीआरएल किंवा आरपीआर, टीपीएचए, एचआयव्ही आणि पाठीतील पाण्याची तपासणी सुचवते." रिपोर्ट पेशंटच्या हाती जातो, घरचे वाचतात, म्हणून उपदंश हा शब्द टाळावा असं मला सहकारी सांगतात. मला हे पटत नाही. इतर शक्यतांच्या ओळीत तो निमूटपणे लिहा, शिवाय पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करा.

स्कॅन पूर्ण नॉर्मल असला तर? तसा तो असू शकतो, नस गेलेली असतानाही. तेव्हा "क्रेनिअल नर्व्ह प्रोटोकॉलवर दोष दिसत नाही, तरी यामुळे न्यूरोसिफिलिस नाकारता येत नाही" हे वाक्य घालाच.

रक्त, पाणी आणि पेनिसिलिन

फक्त व्हीडीआरएल मागवू नका. जुन्या उपदंशात ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि उलट जंतूंचा भडिमार असताना अँटीबॉडी इतक्या जास्त असतात की पातळ न केलेल्या रक्तात चाचणी खोटी निगेटिव्ह येते. संशय असेल तर लॅबला रक्त पातळ करून पुन्हा बघायला सांगा, आणि टीपीएचए सोबत करा. पाठीतल्या पाण्यात व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आणि पाण्यात रक्त मिसळलेलं नसेल, तर निदान झालं समजा. निगेटिव्ह आली तर निदान गेलं असं मात्र समजू नका. पेशी आणि प्रोटीन बघा. फक्त डोळ्याची किंवा फक्त कानाची तक्रार आहे, तपासणीत दोष दिसतोय आणि रक्त पॉझिटिव्ह आहे, तर पाणी काढण्यासाठी उपचार अडवायचे नसतात. पण चेहरा, डोळ्याची हालचाल अशी दुसरी नस गेली असेल तर पाणी काढायलाच हवं.

उपचार शिरेतून: क्रिस्टलाइन पेनिसिलिन, दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, म्हणजे दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख, १० ते १४ दिवस. कमरेत द्यायचं बेंझाथिन पेनिसिलिन सुरुवातीच्या उपदंशाला पुरतं, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात ते पुरेसं पोहोचत नाही. "इंजेक्शन झालंय" असं सांगणाऱ्या पेशंटला कोणतं झालंय हे विचारा. पहिल्या दिवशी ताप-थंडी वाजून त्रास वाढू शकतो. ती पेनिसिलिनची ॲलर्जी समजून औषध बंद करू नका, पण खरी ॲलर्जी नाही ना हे मात्र तपासा. जोडीदाराची तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत होतात. चिठ्ठीवर तिथला ओपीडी नंबर आणि वेळ लिहून द्या, नुसतं "जाऊन या" म्हटलं की कुणी जात नाही.

पुन्हा स्कॅन कधी

ठरावीक तारखेला प्रत्येकाचा पुन्हा एमआरआय काढायची गरज नसते. उपचाराचा हिशोब लक्षणांवर आणि रक्तातल्या टायटरवर ठेवतात. गमा असेल, झटका आलेला असेल, किंवा लक्षणं वाढली असतील तर मी पुन्हा स्कॅन करायला सांगते. तो त्याच प्रोटोकॉलने काढा, शक्यतो त्याच मशीनवर, आणि जुनी सीडी पेशंटला सोबत आणायला सांगा. नसेची चमक काही आठवडे ते महिने रेंगाळू शकते. टायटर उतरतोय आणि चेहरा सुधारतोय, तर नुसत्या उरलेल्या चमकेवरून उपचार फसला असं लिहू नका. नवी नस, नवा झटका किंवा वाढलेली गाठ असेल तरच तसं लिहा, आणि तुलना कोणत्या तारखेच्या स्कॅनशी केली ती तारीख रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत टाका.